टीव्ही तळघरात आहे

एल्सबर्ग, मिनेसोटा
१३ नोव्हेंबर १९८७

प्रिय व्हर्ना,

रविवारी फोनवर बोलणारच आहोत, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला पुरतं बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी औषधांच्या दुकानात गेले होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या आणि मग शुभेच्छापत्रं मांडली आहेत तिथे जाऊन उभी राहिले. बराच वेळ निवडत होते. एकावर कबुतरं होती, एकावर चांदीच्या घंटा. कबुतरं मला कधीच आवडली नाहीत, म्हणून घंटांचं घेतलं. गल्ल्यावर टॅमी होती, लिंडक्विस्टांची नात. म्हणाली, "लग्न कोणाचं, मिसेस होल्टे?"

मी म्हणाले, "सेलेस्ट आणि डॉक्टर ब्लेनचं. शुक्रवारी."

आणि व्हर्ना, ती पोरगी हसली नाही. उलट डोळे मोठे करून म्हणाली, "अहो, पण त्याची पहिली बायको जिवंत आहे ना? त्या बेटावर?"

"तेच तर. सेलेस्टला कुठे पत्ता आहे!"

आम्ही दोघी माना हलवत उभ्या राहिलो. इतक्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. रांगेत आपले पाद्री एकडाल उभे होते, हातात खोकल्याची बाटली घेऊन. चेहरा पांढराफटक. "मिसेस होल्टे," ते हळूच म्हणाले, "हे लग्न आपल्या चर्चमध्ये तर नाही ना?"

ही मालिकेतली माणसं आहेत हे त्यांना समजावताना माझी जी काही शोभा झाली, ती राहू दे. तुला हसू येत असेल. मलाही आलं, पण गाडीत येऊन बसल्यावर ते थांबलं. गाडी सुरू न करता मी तशीच बसून राहिले, मांडीवर ते कार्ड. कारण टॅमीने बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली होती. आमची डेलोरिस आणि तिचा नवरा ग्लेन मुलीकडे ओमाहाला गेलेत, चांगले महिनाभरासाठी. डेलोरिस माझी सख्खी शेजारीण. तिचं स्वयंपाकघर माझ्या खिडकीतून दिसतं. ती गावात नाही, हे मला औषधांच्या दुकानात कळलं. सेलेस्टच्या झग्याला किती झालरी आहेत, ते मात्र मला विचार.

ऑर्व्हिल गेला आणि मी घरात एकटी राहिले, तेव्हापासून सकाळी उठले की आधी टीव्ही लावायचा, मग चष्मा शोधायचा, असं चाललं आहे. रात्री तो गप्प केला की घर अंगावर येतं, म्हणून खुर्चीतच झोपायचं. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी काय केलं असं कोणी विचारलं, तर मी सेलेस्टबद्दल सांगेन.

तर टीव्ही आता तळघरात आहे. हीटरचं तेल भरायला परगावाहून लायल येतो, त्याने पट्टा लावून तो खाली नेला. "बिघडला का?" त्याने विचारलं. म्हटलं, "तो नाही. मी बिघडत चालले होते." खाली कपडे धुवायच्या मशीनशेजारी ठेवला आहे. तिथे थंडी इतकी की जास्त वेळ बसवत नाही. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी एकेक तास बघायचा. बाकी नाही. दुपारची मालिका तर अजिबात नाही.

लग्न झालं का, ते मला सांगू नकोस.

तुझी,
अर्डिस


मेसा, ॲरिझोना
२१ नोव्हेंबर १९८७

प्रिय अर्डिस,

झालं. लग्न झालं, आणि पहिली बायको चर्चच्या दारात येऊन उभी राहिली, ओल्या कपड्यांत! बेटावरून पोहत आली की काय कोण जाणे. सांगू नकोस म्हणालीस म्हणूनच सांगते. धाकट्या बहिणीला मना करून कधी काही साधलंय का तुला?

रविवारी फोन केलास तेव्हा मी तुला सगळं नीट सांगायला बसले होते, खुर्ची ओढून. आणि तू म्हणालीस, "व्हर्ना, त्याबद्दल नको." बरं. मग? मग तू गप्प, मी गप्प. लांबच्या फोनचे पैसे भरून आपण एकमेकींचा श्वास ऐकला. मी तुला विचारलं हवा कशी आहे. तू म्हणालीस थंड. तू विचारलंस हवा कशी आहे. मी म्हणाले गरम. संपलं!

तुला टीव्ही नको तर नको. पण मी दुपारी एक वाजता तो लावते तेव्हा मला वाटतं, तिकडे अर्डिसही बसली असेल, कॉफी घेऊन, पाय स्टुलावर. दीड हजार मैल लांब असलो तरी आपण एकाच खोलीत बसलेल्या असतो. तू उठून गेलीस त्या खोलीतून. मला न विचारता.

आणि ते बुधवार-शनिवार काय? उपास धरल्यासारखं! लहानपणीही तू अशीच होतीस. आईने दोन बिस्किटं दिली की एक ठेवून द्यायचीस आणि वर माझ्याकडे बघायचीस.

रॉय मजेत आहे. गोल्फ खेळतो. इथे सगळं छान आहे.

व्हर्ना

ता. क. डॉक्टर ब्लेन तुरुंगात जाणार असं दिसतंय.


एल्सबर्ग
२० डिसेंबर १९८७

प्रिय व्हर्ना,

तुझं बरोबर आहे, मी तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर मी टीव्ही हलवलाच नसता.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. चारनंतर अंधार, आणि हाताला काही काम सुचेना. मी भरतकाम काढलं आणि परत ठेवलं, मला ते कधीच आवडलं नव्हतं. पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानावर झोप. खोटं कशाला सांगू, एका सोमवारी मी अंगावर घोंगडी घेऊन तळघरात जाऊन बसले होते. पण मग एक दिवस गॅरेजमध्ये खोरं शोधताना ऑर्व्हिलचं मासे धरायचं खोपटं दिसलं. तुला आठवत असेल, हिरव्या पत्र्याचं, तळ्याच्या बर्फावर ओढत न्यायचं. आत बाक, शेगडी आणि जमिनीला भोक. पंचवीस वर्षं तो दर हिवाळ्यात त्यात जाऊन बसायचा, आणि आत तो काय करतो ते मी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. बायका तिकडे जात नाहीत, एवढंच.

बर्फ जाड झाल्यावर लायलने ते ट्रकने ओढून दिलं. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायला मला अर्धी सकाळ लागली. हात अजून दुखताहेत. पण व्हर्ना, आत शेगडी पेटवून दार लावलं की त्या भोकातून खालून हिरवा उजेड वर येतो. सगळं तळं खालून उजळल्यासारखं. कधी कधी त्यातून एक सावली जाते. मी तासन्‌तास बघते, आणि मला झोप येत नाही.

आजूबाजूला सगळी पुरुषमंडळी. त्यांच्या खोपट्यांवर काय आहे माहीत आहे? अँटेना! आत गाडीच्या बॅटरीवर छोटे टीव्ही लावून फुटबॉल बघतात. मासा गळाला लागला तरी त्यांना पत्ता नसतो. काल बर्ट सोरेन्सन डोकावून म्हणाला, "तू काय लावलंयस?"

"काही नाही."

"मग करतेस काय?"

"मासे धरते, बर्ट."

तो दारातूनच म्हणाला, "हं. वेगळंच आहे हे." आपल्याकडे याहून कडक काही कोणी तोंडावर बोलत नाही, हे तुला सांगायला नकोच. तुझं ते जेलीचं जेल-ओ सॅलड बघून माझ्या सासूबाई हेच म्हणाल्या होत्या.

आता खरी गंमत ऐक. डेलोरिस आणि ग्लेन ओमाहाहून परत आली. आपल्या रस्त्यावर संध्याकाळी कोण बरं आहे ते कसं कळतं? पडद्यावर टीव्हीचा निळा उजेड हलताना दिसला की माणूस ठीक. डेलोरिसने पहिल्या रात्री पाहिलं, माझी टीव्हीच्या खोलीची खिडकी काळी. दुसऱ्या रात्री काळी. गाडी दारातच. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला, तर मी तळ्यावर.

अंधार पडल्यावर मी घसरगाडी ओढत घरी आले, दोन चांगले वॉलआय मासे घेऊन. बघते तर दारात शेरिफची गाडी, वरचा दिवा फिरतोय. पायऱ्यांवर शेरिफचा तरुण माणूस, पाद्री एकडाल आणि डेलोरिस. डेलोरिसच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली हॉटडिश, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, खाली खिमा, तीच, जी ती प्रत्येक मयताला करते. तिघं दबक्या आवाजात चर्चा करत होती. दार उघडंच होतं, व्हर्ना! कडी सुद्धा लावलेली नव्हती. पण न विचारता कोणाच्या घरात कसं शिरायचं, म्हणून तिघंही अर्धा तास थंडीत उभी होती. आत मी खरंच मेलेली असते तर उन्हाळ्यापर्यंत सभ्यपणे पडून राहिले असते.

मी मागून म्हणाले, "कोण गेलं?"

डेलोरिस किंचाळली. हॉटडिश मात्र सोडली नाही. मग ती चिडली. "अगं, मी तुझ्यासाठी रडले! दुपारभर!"

"मग मी काय करू? आता मरू?"

"कुठे होतीस?"

"तळ्यावर. मासे धरायला."

तिने पाद्रींकडे पाहिलं, पाद्रींनी शेरिफच्या माणसाकडे. "आणि टीव्ही?" डेलोरिसने विचारलं. "तुझा टीव्ही का बंद?"

मी सांगितलं, नको झाला, खाली ठेवला. तिघांच्याही चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी मेल्याच्या बातमीने उमटलं नसतं. मयताला आणलेली हॉटडिश परत नेणं बरं दिसत नाही, म्हणून ती ठेवून गेली. चार दिवस तेच खाते आहे. चव छान आहे. मी असताना ती माझ्यासाठी कधी करत नाही.

शेरिफच्या माणसाने कर्टिसला फोन केला. तो त्यांचा नियम आहे म्हणे, मुलाला कळवायचा. त्याच रात्री कर्टिसचा मला फोन. फार गोड बोलत होता. मला ते आवडलं नाही.

तुला आणि रॉयला नाताळच्या शुभेच्छा. लेफ्साच्या बटाटापोळ्या वेगळ्या पुड्यातून पाठवल्या आहेत. बटाटे यंदा जरा पाणचट निघाले.

अर्डिस


मेसा
२८ डिसेंबर १९८७

प्रिय अर्डिस,

रागावणार असशील तर आधी एखाद्या खुर्चीत बस.

कर्टिसचा मला फोन आला होता, नाताळच्या आदल्या दिवशी. बिचारा घाबरलाय. "व्हर्ना मावशी, आई टीव्ही बघत नाही. आई बर्फावर एकटी बसते. तुझ्याशी ती बोलते का?" मी काय सांगणार होते? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, पूर्वी दर रविवारी तास तास बोलायची, आता गप्प असते. म्हटलं, ती मला पूर्वीसारखी वाटत नाही.

मला तेच वाटतं, अर्डिस. तुझी पत्रं वाचून मी दोनदा रॉयला म्हणाले. माणूस खचत चालला की आधी आवडत्या गोष्टी सोडतो, असं इथल्या आरोग्यकेंद्राच्या पत्रकात छापलंय. तू सेलेस्टला सोडलंस. खुर्ची सोडलीस. आता बर्फात भोक पाडून त्यात बघत बसतेस! बघत बसायचंच असेल तर घरात बस ना, ऊब तरी आहे.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर ते नवीन वृद्धाश्रमाचं घर झालंय, तिथे कर्टिसने खोली धरून ठेवली आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपर्यंत त्यांना हो-नाही सांगायचंय. तो म्हणतो, खोलीत नवीन कार्पेट आहे आणि प्रत्येकाला स्वतःचा रंगीत टीव्ही, पलंगावरून चालवता येणारा. तुझं घर तो वसंतात विकायला काढेल. तू कशात पडू नकोस, सगळं तो बघेल. ऐक त्याचं. आपण काही तरुण नाही.

आणि कृपा करून त्या बर्फावरून उठ.

इथे सगळं नेहमीसारखं.

व्हर्ना


एल्सबर्ग
३ जानेवारी १९८८

व्हर्ना,

मी बसले नव्हते. उभ्यानेच वाचलं, आणि आता उभ्यानेच लिहिते आहे.

दोन वर्षं मी खुर्चीत गोठून बसले होते, तेव्हा कोणाला काळजी वाटली नाही. कर्टिस यायचा, टीव्ही चालू बघायचा आणि निवांत होऊन जायचा. खुर्चीतून उठले, दार उघडून बाहेर गेले, तर मी खचले! माझ्या खिडकीत निळा उजेड हलत असता आणि मी आत मरून पडले असते, तर डेलोरिसला वाटलं असतं, अर्डिस मजेत आहे.

हे माझं घर आहे. याच्या स्वयंपाकघराच्या फरशा मी गुडघ्यावर बसून बसवल्या आहेत, ऑर्व्हिल नुसता मापं मोजत उभा होता. ते कोणी माझ्याऐवजी विकणार नाही. खोली धरली असेल त्याने. मला धरलेलं नाही.

आणि तू. "ती मला पूर्वीसारखी वाटत नाही." पूर्वी मी कशी होते, तुला ठाऊक आहे? कशी माहीत असणार? रविवारी आपण तास तास बोलायचो ते सेलेस्टबद्दल. ऑर्व्हिलला पुरून परतताना तू विमानतळावर मला घट्ट धरलं होतंस, त्यानंतर मला एक तरी प्रश्न माझ्याबद्दल विचारलास का? मीही तुला विचारलेला नाही. रॉय मजेत आहे, गोल्फ खेळतो, इथे सगळं छान. गेल्या वर्षीच्या नाताळच्या कार्डावरही हेच वाक्य होतं, मी काढून पाहिलं.

तर आता विचारते. काल रात्री तू काय जेवलीस? समोर कोण बसलं होतं? काय बोलणं झालं? याचं उत्तर आलं तर मी तुझं बाकीचं ऐकेन.

अर्डिस


एल्सबर्ग
२४ जानेवारी १९८८

प्रिय व्हर्ना,

तीन आठवडे तुझं पत्र नाही, रविवारी फोन उचलत नाहीस. मी जास्त बोलले असेन. पण मागे घेण्यासारखं त्यात काही सापडत नाही, म्हणून घेत नाही. काय झालं तेवढं कळवते.

कर्टिस गेल्या शनिवारी आला. कागद बरोबर. आधी मला ती जागा दाखवायला घेऊन गेला. म्हटलं, चल, बघायला काय हरकत आहे.

जागा चांगली आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. स्वच्छ. नर्सबाई प्रेमळ. खोलीच्या खिडकीतून तळं दिसतं आणि तळ्यावर माझं खोपटं, हिरवा ठिपका. मग बैठकीच्या मोठ्या खोलीत नेलं. खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, चर्चमध्ये असतात तशा. समोर हा एवढा मोठा टीव्ही. कोणी तरी बाई चाकूने गाजर कापून दाखवत होती. पंधरा-वीस माणसं बघत होती. त्यांत आपले मिस्टर टॉर्गर्सन होते. आठवतात? आपल्याला भूगोल शिकवायचे आणि वर्गात कोणी कुजबुजलं तरी खडू फेकून मारायचे.

मी टीव्हीच्या समोर जाऊन उभी राहिले. "मिस्टर टॉर्गर्सन, ओळखलंत का?"

"बाजूला हो बाई, दिसत नाही."

"काय चाललंय?"

"माहीत नाही."

"मग कशाला बघताय?"

ते विचारात पडले. खरंच पडले. मग म्हणाले, "लावलेला आहे."

मी नर्सबाईंना विचारलं, हा कोण लावतं? सकाळची पाळी. बंद कोण करतं? रात्रीची पाळी. कोणी मधे बंद केला तर? असं कोणी केलेलं नाही, त्या म्हणाल्या. मी केला. बटण दाबलं आणि उभी राहिले. कर्टिस पुटपुटला, "आई, काय हे!" दोन बायका रागावल्या, एक जण जागा झाला. मला वाटलं होतं, आता सगळे बोलायला लागतील. तसं झालं नाही. मला वाईट वाटू लागलं की मी यांचं एवढंही काढून घेतलं. मग मिस्टर टॉर्गर्सन माझ्याकडे बघत म्हणाले, "तू नेल्सनांची. थोरली. तुला बोलिव्हियाची राजधानी कधी सांगता आली नाही."

"अजूनही येत नाही," मी म्हणाले.

"दोन आहेत!" त्यांनी खुर्चीच्या हातावर बुक्की मारली. "दोन आहेत, म्हणून तर विचारायचो!" आणि असे हसले की कवळी सावरावी लागली. मागची एक बाई म्हणाली, "मला पण मारला होता खडू." मग तिसरं कोणी.

निघताना मी टीव्ही परत लावून दिला. त्यांचं घर आहे, त्यांनी ठरवावं.

गाडीत कर्टिसने कागद काढले. म्हणाला, "आई, तू तिथे सुरक्षित असशील. मावशीलाही तसंच वाटतं." मी म्हणाले, "आज दुपारी माझ्याबरोबर तळ्यावर बस. नंतर बोलू." तो म्हणाला त्याला बर्फाचे बूट नाहीत. मी म्हणाले तुझ्या बापाचे आहेत.

तो बसला. पहिला अर्धा तास घड्याळ बघत होता. मग शेगडीवर हात धरून तो बोलायला लागला, भोकाकडे बघत. माझ्याकडे बघून त्याला जमलं नसतं. त्याची नोकरी गेली आहे, व्हर्ना. ऑक्टोबरपासून. रोज सकाळी टाय लावून बाहेर पडतो आणि वाचनालयात जाऊन बसतो. बायकोलाही कालपरवाच सांगितलंय. त्याला भीती होती की इथून काही वेडंवाकडं कळलं तर त्याला झेपणार नाही, म्हणून निदान आई तरी एका जागी ठेवलेली बरी. "निदान एक काळजी कमी," तो म्हणाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, टीव्ही वर होता तेव्हा, तो माझ्याकडे दोन दिवस राहून गेला होता. माझ्या सोफ्यावर बसून माझ्याबरोबर टीव्ही बघितला होता. तेव्हाही हे सगळं त्याच्या पोटात होतं, आणि मी त्याला सेलेस्टची गोष्ट सांगत होते.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण सही केली नाही. त्याचं दुःख मोठं आहे म्हणून मी माझं घर सोडायचं, हे मला मान्य नाही, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो रडला, मग रागावला, मग म्हणाला, एक तारखेपर्यंत विचार कर. कागद टेबलावर ठेवून गेला.

तू अजून मला सांगितलं नाहीस, समोर कोण बसतं.

अर्डिस


मेसा
३ फेब्रुवारी १९८८

अर्डिस,

कोणी नाही.

हे एवढं लिहायला मला एक महिना लागला. पाकिटावर तिकीट लावून दोन पत्रं फाडली.

आमच्याकडे दोन टीव्ही आहेत, हे तुला माहीत नाही. एक पुढच्या खोलीत, माझा. एक मागच्या, त्याचा. रॉयला गोल्फ सोडून सव्वा वर्ष झालं, गुडघे गेले. तो टीव्हीवर गोल्फ बघतो. मी माझ्या खोलीत ताट घेऊन जेवते, तो त्याच्या. आम्ही जाहिरातींत भेटतो. जाहिरात लागली की तो बर्फ घ्यायला स्वयंपाकघरात येतो, आणि माझ्याकडेही लागली असेल तर मीही असते. "बर्फ संपला का?" "नाही." "बरं." जाहिराती जुळल्या नाहीत तर तेही नाही. भांडण नाही, काही नाही. मारत नाही, पीत नाही. मी कोणाला काय सांगणार? म्हणून सेलेस्टबद्दल सांगायचे. ती निदान ओरडते, रडते, दारं आपटते.

तू त्या खोलीतून उठून गेलीस तेव्हा मला कळलं की तिथे मी एकटीच आहे. तुझा राग आला. तुलाही परत आत आणून बसवावंसं वाटलं. कर्टिसशी बोलताना माझ्या मनात ते होतं. रंगीत टीव्ही, पलंगावरून चालवता येणारा. मला वाटलं, मग अर्डिस परत माझी होईल.

परवा तुझं पत्र पुन्हा वाचलं, ते टॉर्गर्सनचं. वाचून उठले आणि दोन्ही टीव्हींची वायर काढून घेतली. माझी आधी, मग त्याची. रॉय म्हणाला, "वीज गेली?"

"नाही. मी काढली."

"का?"

"मला तुझ्याशी भांडायचंय."

"कशावरून?"

"सापडेल काहीतरी!"

सापडलं, अर्डिस. पुष्कळ सापडलं. फिनिक्सच्या घराचं, त्याच्या आईचं, मूल झालं नाही त्याचं सुद्धा. मला वाटलं नव्हतं त्याच्याकडेही एवढं साठलेलं असेल. तो शेवटी म्हणाला, "मला वाटायचं तुला त्या खोलीतच बरं वाटतं." बरं झालं असं मी म्हणणार नाही. संपूर्ण दिवस दोघांची तोंडं फुगलेली होती. पण रात्री एका टेबलावर बसून सूप प्यायलो, आणि सूप खारट झालंय असं तो म्हणाला. सव्वा वर्षात माझ्या स्वयंपाकाबद्दल काढलेला तो पहिला शब्द.

मग कर्टिसला फोन केला. त्याला म्हटलं, तुझ्या आईबद्दल मी तुला जे बोलले ते चूक होतं. तिचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा ठिकाणावर आहे. घराला हात लावशील तर मी येऊन दारात आडवी पडेन, आणि माझं वजन तुला माहीत आहे. तो हसला थोडा. म्हणाला, "मावशी, एक तारीख उलटून गेली. आईने काय सांगितलं त्यांना, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही."

काय सांगितलंस?

मला यायचंय. रॉय म्हणतो जा. बसने येईन, विमान नको.

व्हर्ना


एल्सबर्ग
९ फेब्रुवारी १९८८

प्रिय व्हर्ना,

एक तारखेला सकाळी नऊ वाजता मी स्वतः त्यांना फोन केला. म्हटलं, ती खोली दुसऱ्या कोणाला द्या, जिला हवी आहे तिला. ऑफिसातली बाई म्हणाली, "नक्की ना, मिसेस होल्टे? अहो, तळ्याच्या बाजूची खोली आहे, पुन्हा मिळणार नाही."

"बाई," मी म्हणाले, "मी तळ्यावरच असते."

कर्टिसला त्याच दिवशी कागद टपालाने परत पाठवले, कोरे. बरोबर चिठ्ठी घातली की दर दुसऱ्या शनिवारी इकडे ये, मासे साफ करायला मला माणूस हवं आहे. उत्तर आलेलं नाही. तो येईल की नाही मला माहीत नाही. आला नाही तर मी रडेन, पण माझ्याच स्वयंपाकघरात.

आता तू. रॉयबद्दल वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि घरात फिरत राहिले. सव्वा वर्ष! आणि मी दर रविवारी तुझ्या कानाला लागलेली. तू गुन्हेगार असशील तर मीही आहे, पण तो हिशेब करायला आपल्याकडे फार वेळ उरलेला नाही, तेव्हा तो राहू दे. त्याचे गुडघे कसे आहेत ते खरं सांग. आणि मूल झालं नाही त्याचं तू मला कधीच काही बोलली नव्हतीस. मीही विचारलं नाही, मला वाटायचं तुला नको असेल.

ये. महिनाअखेरीला खोपटी बर्फावरून काढावी लागतात, त्याआधी ये. लोकरीचे पायमोजे तिकडे मिळत नसतील, मी विणून ठेवत नाही, मला ते आवडत नाही, विकत आणून ठेवते. तुझी खोली तयार आहे. बस दुपारी पेट्रोलपंपावर थांबते, मी घ्यायला येईन.

एक सांगते, म्हणजे तिथे उतरल्यावर तुला चमत्कारिक वाटायला नको. मला थोडी भीती वाटते आहे. तू सात-आठ दिवस राहशील. एवढा वेळ आपण दोघी एका घरात, मधे काही न लावता, कधी बसलो होतो? आई असताना तिचं बोलणं असायचं, मग नवरे, मग टीव्ही. दुसऱ्याच दिवशी आपलं बोलणं संपलं तर? आपण एकमेकींना आवडलोच नाही तर? तू मोठ्याने चावतेस, ते मला आठवतं. मी लगेच तोडून बोलते, ते तुला.

तरी ये. बोलायला सुचलं नाही तर गप्प बसू. गप्प बसलेली तू कशी दिसतेस, ते मी अजून पाहिलेलं नाही.

तुझी,
अर्डिस